समुद्र पाहिल्याचा दाखला

सन १९७३ च्या डिसेंबर महिन्यात नागपूरच्या नदीमापन कार्यालयाचे अधीक्षक मधुकरराव खडतकर यांना सरकारने समुद्र पाहण्याची लेखी परवानगी दिली. ती एकाएकी मिळाली नव्हती. कन्हान आणि पेंच या नद्यांमधून किती पाणी वाहून गेले, याच्या नोंदी मधुकरराव बावीस वर्षे ठेवत होते. ते पाणी पुढे कुठे जाते हे मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते. तो भाग दुसऱ्या खात्याकडे होता.

झाले असे की, मध्यदेश हवाई सेवेच्या विमानांतून रिकाम्या खुर्च्याच जास्त प्रवास करतात, असे वरच्या कुणाच्या तरी लक्षात आले. लगेच परिपत्रक निघाले. प्रत्येक कार्यालयातून दरसाल एका कर्मचाऱ्याने सपत्नीक विमानाने सहलीला जावे. जाणे विमानानेच, येणे विमानानेच. एकतीस डिसेंबरपर्यंत प्रस्थान न केल्यास सवलत कायमची बाद. ज्येष्ठतेच्या यादीत पहिले नाव खडतकरांचे होते.

त्यांनी मद्रासमार्गे रामेश्वर निवडले, ते पत्नी पुष्पलताबाईंसाठी. लग्नाच्या वर्षी त्यांनी एकदा विचारले होते, "समुद्र कसा राहते हो?" आणि मधुकरराव म्हणाले होते, "दाखवतो ना." त्यानंतर बाईंनी तो प्रश्न पुन्हा काढला नाही. मधुकररावांना तो अधूनमधून ऐकू यायचा, विशेषतः पगारवाढ झाली की. आपण या बाईला एक शब्द दिला आणि बावीस वर्षे तो ताटकळत ठेवला, याची त्यांना खरोखर लाज वाटत असे.

बावीस डिसेंबरला सोनेगावच्या विमानतळावर अख्खे कार्यालय निरोपाला आले. दोन सरकारी जीपगाड्या आल्या. त्यांच्या वहीत 'पुराची पाहणी' अशी नोंद होती, आणि डिसेंबरात पूर कुठला, असे विचारण्याचा अधिकार असलेले साहेब पुढच्या जीपमध्येच बसले होते. साहेबांनी मद्रासच्या साढूसाठी संत्र्यांची एक करंडी दिली. मधुकररावांच्या गळ्यात सात हार पडले. धरमपेठेतल्या शेजारीण कुसुमताईंनी निघताना हातावर दही ठेवले होते आणि बजावले होते, "पुष्पा, येताना रामेश्वरची मूठभर रेती आण वं. देव्हाऱ्यात ठेवीन."

निरोप देऊन मंडळी परतली आणि मग तिकीट खिडकीवरच्या प्रेमलताबाईंनी शांतपणे सांगितले की, कुठल्याशा गावी याच जातीच्या एका विमानाच्या शेपटीला तडा सापडला आहे. सबब त्या जातीची सर्व विमाने तपासणी होईपर्यंत जमिनीवर राहतील.

"म्हणजे आजचं उड्डाण रद्द झालं?" मधुकररावांनी विचारले.

"रद्द नाही. भूमिस्थ आहे."

"दोन्हीत फरक काय?"

"रद्द झालं तर आम्हाला तुम्हाला तसं पत्र द्यावं लागतं," प्रेमलताबाई म्हणाल्या. "भूमिस्थ असलं की तुम्ही फक्त थांबायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकरराव नेहमीच्या वेळी कार्यालयात गेले. आस्थापना शाखेचे लिपिक देवराव यांनी त्यांना पाहिले आणि हातातला चहा खाली ठेवला.

"मधुकरराव, तुम्ही इथं काहून आले? तुम्ही तर मद्रासले आहात."

"विमान उडालं नाही देवराव. रजा रद्द करा, मी कामावर येऊन राहिलो."

"कशी रद्द करू? तुम्ही मुख्यालय सोडलं म्हणून मी काल चार वाजून दहा मिनिटांनी शेरा लिहिला. खाली साहेबाची सही आहे. आता तुम्ही मले दिसले, तर खोटं कोणाचं झालं? माझं का साहेबाचं?"

"पण मी तुमच्या समोर उभा आहे."

"तेच तर चुकून राहिलं तुमचं," देवराव हळू आवाजात म्हणाले. "मुख्यालय सोडलेला माणूस मुख्यालयात सापडला, तर चौकशी लागते. विमानाचं तिकीट फाटल्याशिवाय हजर करून घेता येत नाही. तोवर दिसू नका, बस."

मधुकरराव मागच्या दाराने घरी आले. कुसुमताईंनी कुंपणावरून सगळे ऐकून घेतले आणि तोडगा सांगितला. "प्रस्थान ठेवा ना भाऊजी. मुहूर्त कायले वाया घालवता?" प्रवासाचा मुहूर्त साधत नसेल तर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड यांचे गाठोडे मुहूर्तावर शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. गाठोडे निघाले म्हणजे माणूस निघाला. मग तो आठ दिवसांनी गेला तरी शास्त्राची तक्रार नसते. त्याप्रमाणे खडतकरांचे गाठोडे कुसुमताईंच्या फडताळात गेले. शास्त्र आणि देवराव या दोघांच्याही दप्तरी मधुकरराव आता रवाना झालेले होते.

पुष्पलताबाईंनी तेवढ्यात एक साधी गोष्ट विचारली. "अहो, मद्रासले जीटी एक्सप्रेस रोज जाते. आपण जीटीनं जाऊ ना."

"हार विमानाचे घातले आहेत पुष्पा," मधुकरराव म्हणाले. "सात हार घालून घ्यायचे आणि जीटीच्या डब्यात पितळी डबा उघडून बसायचं? कोणी पाहिलं म्हणजे?"

पुष्पलताबाईंनी सामान बांधलेलेच ठेवले.

पुढचे आठ दिवस एकाच शिस्तीने गेले. रोज सकाळी हातावर दही, मग पडदा सोडलेल्या रिक्षात दोन ट्रंका, एक वळकटी आणि साहेबांची करंडी. सोनेगावला जायचे, "भूमिस्थ" हा शब्द ऐकायचा आणि परत यायचे. समोरच्या मैदानात विमान उभे असे आणि त्याच्या सावलीत गाई बसलेल्या असत. पाचव्या दिवशी मधुकरराव थेट व्यवस्थापक ओमप्रकाशजींच्या खोलीत शिरले.

"तपासणी कधी होऊन राहिली?"

"इंजिनिअर आला की होईल," ओमप्रकाशजी म्हणाले. "तो मुंबईत बसला आहे."

"मग येत काहून नाही?"

"त्याले विमानानं यायचा हक्क आहे. विमान बंद आहे."

"मेल येते ना रोज मुंबईहून."

ओमप्रकाशजींनी त्यांच्याकडे वडीलकीने पाहिले. "खडतकर साहेब, मेलनं आला तर त्याचा दर्जा काय राहिला? आज मेलनं आला, तर उद्या कंपनी म्हणेल रोज मेलनंच ये."

मधुकररावांना हे मनापासून पटले. त्या इंजिनिअरच्या जागी ते असते, तर तेही मेलने आले नसते.

तीस तारीख उजाडली. दुसऱ्या दिवशी सवलत बाद होणार होती आणि तिच्याबरोबर बावीस वर्षांपूर्वीचा शब्दही. मधुकररावांचा धीर सुटला. ओमप्रकाशजींपुढे हात जोडून ते म्हणाले, "काही तरी करा. आमच्यात तर असं अडलं की प्रस्थान ठेवतात. गाठोडं शेजारी नेलं की माणूस निघाला असं धरून चालतात."

"पुन्हा सांगा," ओमप्रकाशजी म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला. त्यांनाही वरून तार आली होती. वर्षअखेर एकही प्रवासी खोळंबलेला दिसता कामा नये, असा आदेश होता. त्यांनी प्रस्थानाची सगळी रीत लिहून घेतली, तांदळाचे माप विचारले आणि दोनदा मान डोलावली. आपण काय सांगून बसलो, हे मधुकररावांना दुसऱ्या दिवशी कळले.

एकतीस डिसेंबरला दुपारी तीन वाजता अकरा खोळंबलेल्या प्रवाशांना शिडीवरून विमानात चढवण्यात आले. पट्टे बांधले गेले. कानांत घालायला कापूस आणि चघळायला गोळ्या वाटण्यात आल्या. पंखे सुरू झाले नाहीत, कारण सुरक्षेचा प्रश्न होता. थोड्या वेळाने ओमप्रकाशजींनी स्वतः येऊन, आपण अकरा हजार फुटांवरून जात आहोत आणि मद्रासचे हवामान उत्तम आहे, असे जाहीर केले. नाश्त्याची सोय नसल्यामुळे साहेबांच्या करंडीतली संत्री फिरवण्यात आली. मागच्या खुर्चीवरच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याला उलटी झाली, त्यामुळे उड्डाणाला साक्षीदारही मिळाला.

पुष्पलताबाई खिडकीशी बसल्या होत्या. मधुकररावांनी हलक्या आवाजात विचारले, "काय दिसते?"

"गाई दिसून राहिल्या," त्या म्हणाल्या. "अन् एक बाई शेण गोळा करून राहिली."

दोन तासांनी सर्वांना त्याच शिडीने खाली उतरवण्यात आले. खाली प्रेमलताबाई उभ्या होत्या. त्यांनी "मद्रासमध्ये आपलं स्वागत आहे" असे म्हणून तिकिटे फाडली. परतीची तिकिटेही त्यांनी आठ जानेवारीचा शिक्का मारून तिथेच फाडून दिली. पुन्हा एवढ्यासाठी लोकांना हेलपाटा कशाला, असे त्या म्हणाल्या, आणि त्यात त्यांचा चांगुलपणाच होता.

मग खडतकर दांपत्य आठ दिवस रामेश्वरला राहिले, म्हणजे धरमपेठेतल्या आपल्या घरात दारे-खिडक्या लावून बसले. शेजाऱ्यांनी अतिशय सहकार्य केले. आतून फोडणीचा वास आला की लोक नाकाला रुमाल लावून पुढे जात. कुसुमताई रोज सकाळी कुंपणाशी येत, स्वतःच्या भिंतीकडे तोंड करून म्हणत, "इथं कोणी नाही हे मले माहीत आहे. मेथीची जुडी ठेवली आहे." मधुकरराव दिवसभर भूगोलाचे पुस्तक वाचत आणि लाटांविषयी टिपणे काढत. रेतीची अडचण त्यांनीच सोडवली. घरी नदीच्या रेतीच्या नमुन्याची एक जुनी बाटली होती. तिच्यावरची 'कन्हान, १९६१' ही चिठ्ठी त्यांनी ओल्या फडक्याने काढली. हे सगळे पुष्पलताबाई पाहत होत्या.

नऊ जानेवारीला कार्यालयात सत्कार झाला. मधुकरराव समुद्रावर चाळीस मिनिटे बोलले. भरती, ओहोटी, खोली, रंग, काहीही राहिले नाही. साहेबांनी आभार मानताना सांगितले की, साढूचे पत्र आले असून संत्री फारच गोड निघाली. देवरावांनी फाटकी तिकिटे नस्तीला लावली आणि मधुकररावांच्या हाती एक छापील दाखला दिला. सौ. व श्री. खडतकर यांनी समुद्र पाहिला असल्याचे त्यात प्रमाणित केले होते. तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. एकदा समुद्र पाहिलेल्या कर्मचाऱ्यास तो पुन्हा पाहण्याचे प्रयोजन उरत नसल्याने, सदर दांपत्य उर्वरित सेवाकाळात या सवलतीस अपात्र राहील.

पुष्पलताबाईंनी दाखला दोनदा वाचला.

"म्हणजे मी समुद्र पाहिला?"

"कागदावर," मधुकरराव म्हणाले.

"मंग कागदावरचा तुम्ही ठेवा. मी शुक्रवारी जीटीनं जाते."

"असं कसं? लोक म्हणतील, आताच तर पाहून आली. मग आधी काय पाहिलं होतं? देवराव नस्ती उघडेल, साहेबाच्या साढूचं पत्र निघेल. माझी नोकरी जाईल पुष्पा."

"लोकायले सांगा, रामटेकले गेली. बहिणीकडे."

शुक्रवारी त्यांनी स्वतःच्याच हाताने स्वतःच्या तळहातावर दही घेतले. हार नव्हते, करंडी नव्हती. मधुकरराव ट्रंक घेऊन स्टेशनपर्यंत गेले, पण आत गेले नाहीत. ज्याने समुद्र पाहिला आहे असा माणूस जीटीच्या फलाटावर दिसणे बरे नव्हते. बाहेर पानठेल्याआड उभे राहून त्यांनी गाडीची शिटी ऐकली आणि त्यांना भडभडून आले. तिकीट त्यांनाही मिळाले असते.

दहा दिवसांनी पुष्पलताबाई परतल्या. चेहरा उन्हाने काळवंडला होता, पाय सुजले होते, आणि त्या स्वयंपाक करता करता मध्येच थांबून उगाच हसत होत्या. मधुकररावांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारले, "समुद्र कसा राहते गं?"

"तुम्ही ऑफिसात चाळीस मिनिटं सांगितला ना," पुष्पलताबाई म्हणाल्या. "तसाच आहे." आणि त्यांनी भात वाढला.

संध्याकाळी कुसुमताई कुंपणाशी आल्या. "रामटेक कसं होतं वं पुष्पा?"

"पाणी खूप होतं," पुष्पलताबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदराची गाठ सोडून मूठभर रेती पुढे केली. "हे घ्या. तुमच्यासाठी आणली."

"रामटेकच्या रेतीले काय करू वं? टाक तिकडं तुळशीत."

पुष्पलताबाईंनी ती तुळशीत टाकली. कुसुमताईंच्या देव्हाऱ्यात चांदीच्या डबीत कन्हानची रेती आहे. तिला रोज हळदकुंकू वाहिले जाते आणि आल्यागेल्याला ती दाखवली जाते. रेती कुठली आहे हे कुसुमताईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण पुढच्या वर्षी सवलतीच्या यादीत त्यांच्या यजमानांचा नंबर आहे.

ही हकिकत बाहेर फुटू नये, अशी पुष्पलताबाईंची विनंती आहे. वाचक कुठे बोलणार नाहीत, असा शब्द आम्ही त्यांना दिला. उगाच दिला नाही. देवरावांकडून आम्ही तुमचीही नस्ती काढून पाहिली आहे. गेल्या वैशाखात तुम्ही डॉक्टरांच्या दाखल्यावर पोटदुखीने सात दिवस अंथरुणाला खिळून होता, आणि आठव्या दिवशी बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन कामावर आलात. आम्ही दोन लाडू खाल्ले आणि आता पोट कसे आहे, असे विचारले.