तीन कोटेशनांचा सर्व्हर

वैजनाथचं लग्न एका पदावर जमलं होतं आणि ते पद एका यंत्रावर उभं होतं. यंत्र अजून यायचं होतं.

पद होतं उस्मानपुऱ्यातल्या मेंढपाळ लोकर सहकारी संघाच्या संगणक अधिकाऱ्याचं. छावणी भागातल्या अनंतरावांनी ‘अधिकारी’ हा शब्द ऐकूनच आपल्या लेकीसाठी, अंबिकेसाठी होकार दिला होता. पद सहा महिन्यांपुरतं आहे, हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. जानेवारीअखेरच्या सर्वसाधारण सभेत सर्व्हर चालवून दाखवला तर पद कायम, नाही तर वैजनाथ घरी.

सर्व्हर म्हणजे काय, ते संघात कुणालाच ठाऊक नव्हतं. जिल्ह्यातल्या सगळ्या मेंढ्या एका डब्यात, एवढं मात्र सगळ्यांना पटलं होतं. वैजनाथने महिनाभर पुस्तकं चाळली, वाळूजच्या कारखान्यांत जाऊन यंत्रं पाहिली आणि एक सबंध यंत्र निवडलं. अध्यक्ष काकासाहेबांनी कागद परत सरकवला.

“नियम म्हणजे नियम. प्रत्येक नगाला तीन कोटेशनं, आणि ज्याचा भाव कमी त्याचा नग.”

“पण काकासाहेब, हे सगळे नग एकमेकांत बसले पाहिजेत.”

“मागच्या साली टेबलं एकाकडून घेतली, खुर्च्या दुसऱ्याकडून. बसतोच ना आपण?”

देवगाव रंगारीचे संचालक मुंजाबा कोपऱ्यात तंबाखू मळत होते. संघासाठी वाड्या-वस्त्यांवर फिरून मेंढ्या मोजायचं काम त्यांचं. ते म्हणाले, “मेंढा कुणी असा घेतं व्हय? मुंडकं पैठणचं, पाय कन्नडचे?”

“मुंजाबा, हा मेंढा नाही.”

“तेच म्हन्तो. मेंढा असता तर तुमाला कळलं असतं.”

ठराव झाला. प्रोसेसर पुण्याहून, बोर्ड गावातल्याच गुलमंडीवरून, मेमरी नागपूरहून, कॅबिनेट जालन्याहून. मधेच विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं. कुठं पेढे, कुठं बंद शटरं आणि चौकाचौकांत पोलीस. डिस्कचा ट्रक वेशीबाहेरच अडकला. काकासाहेब रोज विचारायचे, “विद्यापीठाच्या नावाला सोळा वर्षं लागली. तुमच्या डब्याला किती?”

सभेच्या आदल्या दिवशी सगळे खोके आले. दुरुस्तीवाल्या कचरूनं ते उघडले आणि कपाळाला हात लावला.

“साहेब, प्रोसेसर फोर एटी सिक्सचा, बोर्ड थ्री एटी सिक्सचं. हा त्यात जनमात बसनार नाय.”

“मेमरी?”

“तिचे दात जास्ती हायेत, बोर्डाच्या खाचा कमी.”

“आणि डिस्क?”

“डिस्क लई झकास हाय. जोडायची कशाला, तेवढं सांगा.”

वैजनाथला रडू यायचंच बाकी होतं. सहा महिने घसा फोडून जे सांगितलं, ते आता समोर चार तुकड्यांत पडलं होतं आणि खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार होतं. कचरूनं सगळे तुकडे कॅबिनेटमध्ये कोंबून झाकण लावलं. कॅबिनेटबरोबर आलेला पंखा तेवढा फिरत होता आणि हिरवा दिवा लागत होता.

सभेला तीनशे मेंढपाळ आले. पहिल्या रांगेत काकासाहेबांनी मोठ्या मानानं बोलावलेले अनंतराव. वैजनाथ संगणकाच्या पडद्यामागं तोंड लपवून बसला. पडदा काळाठिक्कर होता, पण तो फक्त त्याच्याकडंच वळवलेला होता.

मेंढपाळांतले कडुबा उठले. “माझ्या मेंढ्या किती, सांग म्हनावं!”

वैजनाथनं कीबोर्ड पुढं ओढला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या मुंजाबांनी तोंडावर उपरणं धरलं. “एकशे बारा. सात गाभण.”

“एकशे बारा,” वैजनाथ ओरडला. “सात गाभण!”

सभा थक्क झाली. बानाबाई उठल्या, सखाराम उठले. उपरण्यामागून आकडा यायचा, वैजनाथ उगाच चार बटणं बडवायचा आणि आकडा सांगायचा. अर्ध्यात वीज गेली. दिवा विझला, पंखा थांबला, तरी दगडाबाईंच्या लंगड्या मेंढीसकट बरोबर उत्तर आलं.

“बिगर लाईटीचा चालतो!” मांडव दणाणून गेला. अनंतरावांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वैजनाथचं पद तिथंच कायम झालं.

काकासाहेब गहिवरून म्हणाले, “असा एकेक सर्व्हर प्रत्येक तालुक्याला घ्यायचा! आजच ठराव. वैजनाथराव, उद्यापासून कोटेशनं मागवा.”

टाळ्या थांबेनात. वैजनाथ खुर्चीतच खचला. मुंजाबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि त्याच्या कानाशी लागले.

“सायेब, माझ्यासारखी आनखी दोन कोटेशनं कुठून आनाल?”