गुंडाप्पाचा उजवा हात

गुंडाप्पानं आजवर एकाही वस्तूचा भाव तोंडानं सांगितलेला नाही. बैलाचा नाही, कडब्याचा नाही, वांग्याचासुद्धा नाही. भाजीवाला ओरडला, "आप्पा, वांगी वीसला पावशेर!" की हा इकडंतिकडं बघतो, जवळ जातो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "आरं, भाव असा चव्हाट्यावर मांडतेत व्हय? हात आण." मग खांद्यावरचा रुमाल भाजीवाल्याच्या हातावर टाकतो, खालून स्वतःचा हात घालतो आणि दोघांची बोटं बोलायला लागतात. पावशेर वांग्यासाठी!

ज्यांनी बैलबाजार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं दलाल भाव बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट दाबलं म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा धरला की पाच. हजार का शंभर ते बैलाकडं बघून कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा दोघांतच राहतो. गुंडाप्पानं जन्मभर हीच दलाली केली. आता ट्रॅक्टर आले, बाजारात बैलांपेक्षा चहाच्या टपऱ्या जास्त, पण ह्याची खोड गेली नाही. "तोंड गावाचं, बोट आपलं," असं त्याचं म्हणणं.

यंदा त्याची तीच बोटं गेली. म्हणजे तुटली नाहीत, आहेत जागेवर, पण मुकी झाली. ती हकिकत सांगावी म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा दुसरीपर्यंतची. लिहिण्यात काही चुकलं तर मला सांगायला येऊ नका. चुकलेलं सांगितलेलं मला आवडत नाही.

आधी माणूस कसा आहे ते बघा. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा सगळं गाव कुरकुरलं. मीही कुरकुरलो, आणि अजून माझं तेच मत आहे. जो दुकानदार मला चाळीस वर्षं ओळखतो, त्यानं मशीनला विचारावं की हा माणूस कोण? गुंडाप्पा मात्र खूश. "सरकार आलं बग शेवटाला आपल्या लायनीवर. बोटावर सौदा!" असं म्हणून त्यानं मशीनवर रुमाल टाकला आणि आत अंगठा घातला.

दुकानदार म्हणाला, "आप्पा, रुमाल काढा की. मला काय दिसंना."

"तुला कामून बघायचंय? ते मशीन आन् म्या बघून घेतो."

रुमालाखाली मशीन वाजलं. गहू मिळाले. बाहेर येऊन मला म्हणतो, "गडी कमी बोलतो, पर सच्चा हाय."

त्याचं वैर होतं ते चहाच्या टपरीवरच्या डब्याशी. कुणी फोननं पैसे दिले की तो डबा मोठ्यानं ओरडून सांगतो, इतके रुपये मिळाले. गुंडाप्पाला ते म्हणजे भर चौकात कुणी धोतर सोडल्यासारखं वाटायचं. एकदा सरळ उठला आणि रुमालाचा बोळा करून डब्याच्या तोंडावर दाबून धरला. टपरीवाला ओरडतोय, "आप्पा, सोडा, सोडा!" आणि हा म्हणतोय, "आदी ह्याला गप बसायला शिकीव."

शाळेतही त्यानं रुमाल काढलाच. पालकांची सभा होती. माझा मुलगा रानात, म्हणून मी गेलो, आणि मी गेलो म्हणून गुंडाप्पा आला. हेडमास्तरांनी सांगितलं, आता पोरांना मारायचं नाही, तसा कायदा आहे. मी उभा राहिलो. "मग ती सुधारायची कशी? मी दोन वर्षं शाळेत होतो. खाल्लेली एकेक छडी मला आजपण आठवती."

"आणि धडे, आजोबा?" हेडमास्तरांनी विचारलं.

हा प्रश्न विचारायची काही गरज नव्हती. मी बसलो. तरी पोराला भीती पाहिजे हे माझं मत मी सोडलेलं नाही. गुंडाप्पा मात्र उठला, पुढं गेला आणि हेडमास्तरांच्या हातावर रुमाल टाकला. सगळे पालक माना उंच करून बघायला लागले. बराच वेळ दोघं तसेच उभे. हेडमास्तर आधी लाजले, मग हसले, मग हट्टाला पेटले. गुंडाप्पा घामाघूम होऊन परत आला.

"किती ठरल्या?" मी विचारलं.

"म्या पाच छड्यांवर हुतो. मास्तर मूठ झाकूनच बसला. लई दाबलं, एक बोट सोडंना."

"म्हंजे?"

"म्हंजे एक बी न्हाय. पर नामा, नातवाला त्याच्याकडंच ठिव. मूठ पक्की हाय."

असा हा माणूस. त्याच्या सौद्यावरनं बाजारात कधी भांडण झालं नव्हतं. ते यंदाच्या उन्हाळ्यात झालं. तामलवाडीच्या एका शेतकऱ्याची बैलजोडी होती. पन्नास हजारांपर्यंत गोष्ट आली होती, वरचे बोटांवर ठरायचे होते. रुमालाखाली बोलणं झालं आणि गुंडाप्पानं घेणाऱ्याला बावन्न कळवले. पैसे हातात पडल्यावर शेतकरी उसळला. "आप्पा, म्या पंजा दिला हुता! पंचावन्न!"

"दोन बोटं दिलीस तू!"

"पंजा!"

"मग तुझी बोटंच बोबडी हायती!" गुंडाप्पा ओरडला. सगळा बाजार हसला. सौदा मोडला. येताना एसटीत हा गाव येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसला.

चार दिवसांनी माझ्या ओट्यावर बसून बिडी ओढत होता. मला कातडं जळाल्याचा वास आला. बघतो तर बिडी जळत जळत बोटांपर्यंत आलेली आणि हा निवांत. मी फटका मारून ती पाडली.

"चटका बसला न्हाय तुला?"

"हात राकट हाय माझा."

"कवापासनं कळंना तुला?"

त्यानं खाली पडलेली बिडी चपलेनं विझवली. मग म्हणाला, "संक्रांतीपासनं. आदी मुंग्या यायच्या. आता त्या बी यायच्या बंद झाल्या."

दवाखान्यात चल म्हणून मी आठ दिवस त्याच्या मागं लागलो. खरं सांगायचं तर आजकालच्या दवाखान्यांवर माझाही विश्वास नाही. पूर्वी डॉक्टर नाडी धरायचा, जीभ बघायचा आणि बाटलीत लाल औषध द्यायचा. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची, एक खाच म्हणजे एक डोस. आता तुम्ही आत गेलात की डॉक्टर कागदाकडं बघतो, कागद तुम्हाला मशीनकडं पाठवतो, मशीन आणखी एक कागद देतं. माणूस मध्ये नुसता कागदाचा हमाल, आणि हमालीही त्यानंच द्यायची. पण हे मी गुंडाप्पासमोर बोललो नाही.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणायचा. "डावा हाय की."

शेवटी मी म्हणालो, "डाव्या हातानं कुणी सौदा करतं व्हय?"

ते लागलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूरला गेलो.

नंबर आला, आत गेलो, आणि गुंडाप्पा दारातूनच मागं फिरला. खुर्चीत डॉक्टरीणबाई बसल्या होत्या.

"भाव कसा करू?" तो माझ्या कानात म्हणाला. "बाईमाणसाचा हात रुमालाखाली घेऊ? म्हातारी माझी वरनं बघायलीय!"

"काय झालं आजोबा?" बाईंनी विचारलं. ह्यानं तोंड मिटून घेतलं, म्हणून मीच सगळं सांगितलं. दलाली, बाजार, बिडी आणि रुमालसुद्धा. बाई हसल्या. म्हणाल्या, "माझे वडीलपण बैल घ्यायला बाजारला जायचे. आणा तो रुमाल." आणि त्यांनी स्वतःच रुमाल ओढून टेबलावर ह्याच्या हातावर घातला, आत आपला हात घातला. "ओळखा किती ते."

गुंडाप्पानं डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. मग एकदम चेहरा उजळला.

"दोन! दोन हजार? कबूल! नामा, ठरलं बग!"

दारातला कंपाउंडर खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या हातानं रुमाल अलगद बाजूला केला. ह्याचा सगळा पंजा त्यांच्या मुठीत होता.

"आजोबा, मी पाचही बोटं धरलीत."

गुंडाप्पा आपल्या हाताकडं बघत राहिला. मी भिंतीवरचा हाताच्या शिरांचा तक्ता वाचायला लागलो. तो इंग्रजीत होता.

बाईंनी समजावून सांगितलं. मनगटात एक नस दबली आहे. अंगठा आणि शेजारची दोन बोटं तिच्यावर चालतात. करंगळीकडची नस वेगळी, म्हणून तेवढी दोन कळली. लहानसं ऑपरेशन करून नस मोकळी करता येईल. "पण उशीर केलात. बोटांना परत कळायला लागेल का नाही, ते आज मी सांगू शकत नाही. दोन-तीन महिने वाट बघावी लागेल."

मग खर्चाचा आकडा त्यांनी तोंडानंच सांगितला आणि म्हणाल्या, "ह्यात कमीजास्त होणार नाही. पण मशीनवरची एक तपासणी लिहिणार होते, ती नको. मला हातानंच कळलं."

तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की हात लावणारा डॉक्टर स्वस्त पडतो.

बाहेर आल्यावर गुंडाप्पा म्हणाला, "बगितलास? कमी केलं की न्हाय?" पण रुमाल त्यानं खांद्यावर टाकला नाही. घडी घालून पिशवीत ठेवला.

ऑपरेशन झालं आणि खरी परीक्षा माझी सुरू झाली. त्याची बायको जाऊन पाच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. उजव्या हाताला पट्टी, मग धोतर कोण नेसवणार? ह्या वयात दुसऱ्याला धोतर नेसवायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

"निऱ्या बारीक घाल की. पोतं बांधायलास का?"

"गप उभा ऱ्हा. न्हायतर असाच सोडून जाईन."

मुलगा फोनवर चेहरा दाखवून म्हणायचा, "आप्पा, इकडं या, एकटं ऱ्हाऊ नका." हा म्हणायचा, "तुझ्या पुण्यात काय हाय? समदे भाव लिवून ठिवल्यात." आणि फोन माझ्याकडं द्यायचा, बंद करायला.

टाके निघाले. महिना गेला, दुसरा गेला. मी रोज विचारायचो, कळतंय का? आधी म्हणायचा, "मुंग्या यायल्यात." मग म्हणायला लागला, "बगू." मग उत्तर द्यायचंच सोडलं. मीही विचारायचं सोडलं. बाजारच्या दिवशी तो घरातनं बाहेर पडायचा नाही.

मग एका सकाळी धुतलेला सदरा घालून दारात हजर. "चल, अणदूरला."

"कामून?"

"काम हाय."

एसटीतनं उतरलो. तिथनं अर्धा तास मला उन्हात चालवलं. एका वस्तीवर पांडुरंग नावाचा शेतकरी गोठ्यात शेण काढत होता. ह्याला बघून उठला. "या, या आप्पा! किती महिनं झालं, आला न्हाईत?"

"हा इथं येत असतो?" मी विचारलं.

"दर पंधरा दिसाला. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?" पांडुरंगानं कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या पांढऱ्या खिलाराकडं बोट केलं. "ह्याचा सौदा आप्पानंच करून दिलता. बारा वर्षं झाली. तवापासनं येत्यात, त्याच्यापाशी बसत्यात, जात्यात. मागच्या खेपंला काय झालतं काय की, हात न लावताच गेले."

पन्नास वर्षांचा शेजार आमचा. पंधरा दिवसाला एकदा हा कुठं जातो असं विचारलं की मला म्हणायचा, वसुलीला.

गुंडाप्पा बैलाजवळ गेला. आमच्याकडं पाठ होती, त्यामुळं तोंड दिसलं नाही, हात तेवढा दिसला. त्यानं उजवा हात बैलाच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातड्याला लावला. आधी नुसता तळवा. मग करंगळी, मग एकेक करून सगळी बोटं, शेवटी अंगठा. बैलाच्या अंगावर शिरशिरी आली. त्यानं हनुवटी वर केली, मान लांब केली आणि डोळे मिटले. अंगठा हळूहळू फिरत होता. थांबत होता, परत फिरत होता.

मला राहवलं नाही. "कळतंय का रं?"

त्यानं अंगठा तिथंच टेकवून धरला.

"गरम हाय," तो म्हणाला.

मी म्हणालो, "चल मग. दुपारची एसटी जाईल."

"जाऊ दे की."

पांडुरंगानं पोतं अंथरलं. मी चपला काढून बसलो.