घोड्याच्या पट्ट्यातला दामू

१९५२ साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि आमच्या खात्यातला दामू फिटर रोज डबा खाऊन झाला की खालच्या ओठाने स्वतःचं नाक झाकून दाखवायचा. अख्खं नाक! वर डोळे फिरवायचा ते वेगळंच. चाळिशीचा बाप्या आणि हे धंदे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बंगालात गार्डन रीचला नदीकाठी आमचा जहाजांचा कारखाना. खात्यात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे तोंड त्याने वाकडं करायचं आणि लाज मला वाटायची. बंगाली गडी टाळ्या पिटून "दामूदा, आबार!" म्हणजे पुन्हा एकदा, असं ओरडले की हा लगेच सुरू. त्याच्या तोंडांना नावंसुद्धा होती. 'लाडवात खडा'. 'सासरा आला'. 'फुकटचं एरंडेल'.

"अरे माकडा, चारचौघांत शोभतं का हे?" मी म्हणायचो.

"सदा, तोंड आपलं आहे, भाड्याचं नाही."

मी तिसरीतून शाळा सोडली, पण असल्या माणसाशी वाद घालू नये एवढं मला कळतं. तरी रोज घालायचो.

आमचा फोरमन गोरा. राज्य गेलं तरी हा राहिला होता. त्याच्या गावाकडे म्हणे जत्रेत एक खेळ असतो. घोड्याच्या गळ्यात बांधतात तो जाड चामडी पट्टा, आत पेंढा भरलेला. त्यातून डोकं बाहेर काढायचं आणि जमेल तितकं भयंकर तोंड करायचं. ज्याला टाळ्या जास्त, तो जिंकला. दर जानेवारीत कारखान्याच्या खेळांत फोरमन घोडागाडीवाल्याकडून पट्टा मागवायचा, कवळी काढून खिशात टाकायचा आणि स्वतःच जिंकायचा. आदल्या वर्षी पट्टा उतरवताना म्हणाला, "तुम्हा लोकांचं हे काम नाही. याला जिगर लागते."

जिगर? कवळी काढायला?

त्या दिवसापासून मी दामूचा वस्ताद झालो. होय, मीच. राग माणसाला काहीही करायला लावतो. रोज सुट्टीत त्याला भट्टीमागे उभा करायचो आणि एकेक तोंड तपासायचो. 'एरंडेल' बरं होतं, पण कवळीपुढे टिकलं नसतं. मग एके दिवशी चहा पिताना त्याचं तोंड आपसूकच एका बाजूला घसरलं. डावा ओठ लोंबला, डावा डोळा अर्धा मिटला, चहा हनुवटीवरून सदऱ्यावर. मी हसून हसून खाली बसलो.

"हेच! दाम्या, हेच करायचं! याचं नाव 'मोडकी खिडकी'."

त्याने बाहीने हनुवटी पुसली. "त्याला नाव ठेवू नकोस. ते नको. दुसरं करू."

"दुसरं गेलं खड्ड्यात. शपथ आहे तुला!"

महिनाभर मागे लागलो. शेवटी मान हलवली त्याने. मीच शिकवत होतो, ओठ आणखी खाली, डोळा आणखी बारीक. मोठा शहाणा मी.

खेळांच्या दिवशी मैदान भरलं. फोरमन आधी गेला, भरपूर टाळ्या घेऊन आला. मग दामूच्या गळ्यात पट्टा चढवला. त्याने एकदा गर्दीवर नजर फिरवली आणि ती पाण्याच्या टाकीपाशी अडली. तिथे एक बाई बसली होती, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. पदराच्या मराठी काठावरून ओळखली, ती दामूची बायको. दीड वर्षात वहिनी कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. विचारलं की दामू म्हणायचा, "बरं नसतं तिला." आमच्या बायका म्हणायच्या, शिष्ट आहे.

"कर ना!" मी ओरडलो. "दाम्या, ते कर!"

दामूने काय केलं? गाल फुगवले. बस्स. तीन वर्षांचं पोर फुगवतं तसे. लोक हसले, पण दामूला. फोरमन जिंकला.

मी त्याला मैदानावर शिव्या दिल्या, वाटेत दिल्या, त्याच्या दारापर्यंत मागे जाऊन दिल्या. "नाक कापलंस! एवढं शिकवलं ते काय गाल फुगवायला? भित्र्या!" तो कुलूप काढत होता. मागून वहिनी आली आणि आमच्या मध्ये उभी राहिली. तिने पदर वर केला.

डावा ओठ लोंबलेला. डावा डोळा अर्धा मिटलेला.

"भावजी," ती म्हणाली. शब्द एका बाजूने गळत होते. "त्यांना नका बोलू. मला बघून थांबले ते."

दामू म्हणाला, "तोंडावरून वारं गेलं तिच्या. चहा सांडायचा, म्हणून लाजून पिणंच सोडलं होतं हिने. मग मीही तसंच तोंड करून समोर बसायला लागलो. दोघांचाही सांडतो, मग कोण कुणाला हसणार? कारखान्यात एकदा सवयीने झालं. तू हसलास." मग म्हणाला, "आज महत्प्रयासाने बाहेर आली रे. तिच्यासमोर तिचं तोंड चव्हाट्यावर कसं मांडू?"

मी घरी आलो. जेवलो नाही. बायकोने काय झालं विचारलं, तिच्यावरच खेकसलो. मला फोरमनचा राग आला होता, दामूचा आला होता, शिष्ट म्हणणाऱ्या सगळ्यांचा आला होता. पण 'मोडकी खिडकी' हे नाव कुणी ठेवलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलो. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायको म्हणाली, "अहो, बोलावणं बायका करतात." मी म्हटलं, "आज मी करणार." दामूच्या दारात जाऊन कडी वाजवली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वहिनी, संध्याकाळी हळदीकुंकवाला यायचं," आणि दार उघडेपर्यंत तिथेच उभा राहिलो.