थर्मनमामांच्या दाढीवर बोवी सुऱ्याची स्वारी

समस्त दोस्तमंडळींनी हातातला घास खाली ठेवून सावध चित्ते ऐकावे. आर्कान्सा मुलखी पाइन फोर्क गावी जत्रेत जो रणसंग्राम जाहला, त्याचा मजकूर ऐसा, की ओडेल टॅकेट नामे लोहार, उमरीने कोवळा, याने बोवी सुरा घडविला आणि भरल्या मैदानी अर्ज केला, की आजोबांची ऐरण आता मजला मिळावी. ऐरण थर्मनमामांच्या कबज्यात, मामींच्या फुलझाडाच्या कुंडीखाली कैद. मामा जत्रेचे पंच. दाढी पोटापावेतो, लग्नापासून कात्रीस शरण न गेलेली.

मामांचे फर्मान सुटले, की पाते हातभर जाहले म्हणोन बोवी होत नाही, मक्याचा पाव कापायची सुरीही लांबच असते. बोवीचे पाते मुठीत मिटता नये, मुठीपुढे आडवी पट्टी पाहिजे, पाठ टोकाजवळ खोलगट उतरोन तितक्यास वरूनही धार पाहिजे. मग टांगता दोर एका घावात तुटावा, मग जाड फळी तुटावी, आणि इतक्याउपर त्याच धारेने हातावरचे केस भादरावे, तर ऐरण. नाहीतर कुंडी आहे तिथे बरी.

ओडेलने पाते दाखविले, पसंत जाहले. दोर तुटला, फळीचे दोन तुकडे जाहले, आणि मग बहाद्दराने बाही सारली तो हात सफाचट! आठवडाभर धार पाहता पाहता दोन्ही हातांचे रान साफ जाहले होते.

"काय रे, कोंबडी सोललीस की काय?" मामा खदखदले आणि आपली बाही सारते जाहले, तो सुऱ्या पारखोन पारखोन तोही हात तुळतुळीत! मग जमल्या लोहारांच्या बाह्या सरल्या. अवघ्या फौजेत एक केस निघेना.

"केस नाहीत कसे?" लव्हर्नमामी कडाडल्या. "यांच्या हनुवटीला पोतंभर लोंबतायत!"

"दाढीला हात लावायचा नाही!" मामा गरजले.

"मामा," ओडेल हळूच म्हणाला, "पावाच्या सुरीला घाबरता?"

मग मामा खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि पाते एकदाच सरसरोन गेले आणि डावी दाढी कबुतरासारखी मांडीवर उतरली. रक्ताचा ठिपका नाही.

मामांनी गाल चाचपला, बहुत वेळ चाचपला.

"अर्धवट काय ठेवतोस, गाढवा? बोवी आहे तो. उजवीकडे ये."

येणेप्रमाणे दाढी समूळ पाडाव जाहली, मामींनी स्वहस्ते कुंडी उचलली आणि ऐरण ओडेलच्या भट्टीत दाखल होऊन फत्ते जाहली. कुंडी हल्ली मामांच्या खुर्चीवर आहे. मामा उभेच असतात.