खेळतो, पण लावत नाही

सुजितचं लग्न जमवायला कुसुमताईंनी जय्यत तयारी केली होती. मुलीकडचे गुपचूप चौकशीला येतात हे धरून त्यांनी थेरगावातली आपली सगळी इमारत पढवून ठेवली होती. वॉचमनला विचारा नाहीतर इस्त्रीवाल्याला, ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ हे एकच वाक्य एकाच चालीत ऐकू यायचं. फक्त कंपनीची बस तेवढी त्यांच्या ध्यानातून निसटली.

मुलगी होती योगिनी. तिला वडील नव्हते, मामा-मामींनीच वाढवलेली. मामा मालोजीराव चाकणकडच्या जुन्या गावकऱ्यांपैकी. आपल्या जमिनीवर कारखाना आला की आपण कारखान्याला बस लावायची, हा तिकडचा सरळ व्यवहार, त्यामुळे सुजित ज्या बसने रोज कामाला जायचा ती मालोजीरावांचीच निघाली. चौकशीसाठी त्यांना कुठे जावंच लागलं नाही. एका सकाळी ते आपल्याच बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि शेजारच्या पोराला विचारलं,

“त्यो सुजित कसाय रं?”

शेजारी होता काळेवाडीचा बरकत, सुजितचा जिगरी दोस्त. आपण मित्राचं भलं करतोय अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

“एक नंबर माणूस, काका. आमच्या टोळीचा सरदार आहे.”

“टोळी?”

“म्हणजे आम्ही सगळे खेळतो ना. पण सुजितसारखा खेळणारा नाही. पाच वर्षं झाली, स्वतःचा एक रुपया लावला नाही.”

“मग कुनाचा लावतो?”

“कुणाचाच नाही. हीच तर त्याची कला आहे. परवाच दोन गावं लुटली, काका. फुकटात.”

मालोजीराव पुढच्याच थांब्याला उतरले आणि रस्त्यावर उभं राहूनच त्यांनी कुसुमताईंना फोन लावला.

“ताई, पोरगं खेळतं म्हनं तुमचं.”

कुसुमताईंना वाटलं, क्रिकेट. “हो, लहानपणापासूनच. त्याचे वडीलसुद्धा खेळायचे. घरातच आहे ते आमच्या.”

“घरात? आनि तुमी काय करता?”

“मी काय करणार? जिंकून आला की ओवाळते.”

मालोजीरावांनी फोन ठेवला आणि बोलणी थांबली.

खरा प्रकार कळल्यावर सुजित हादरलाच. कारण योगिनी त्याला फार आवडली होती. बघण्याच्या कार्यक्रमात तिने पोह्यांची बशी पुढे करत हळूच सांगितलं होतं, “आवडले नाहीत तर बिनधास्त सांगा, मामींनी केलेत.” त्यानंतर तासभर त्याला फोनची आठवण झाली नाही. घरी येऊन पाहतो तर खेळातला त्याचा बुरूज शत्रूने जाळून टाकला होता, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

बरकतला घेऊन तो मालोजीरावांच्या घरी गेला आणि त्यांच्यापुढे फोनच ठेवला.

“मामा, हा जुगार नाही. मोबाइलवरचा खेळ आहे. राज्य वाढवायचं, लढाया करायच्या. रोज हजेरी लावली की थोडे हिरे मिळतात. हिरे साठले की पेटी उघडायची. आत कुठला सरदार निघेल ते नशीब.”

“आनि पैशे?”

“ज्यांना धीर नाही ते भरतात. लोकांनी लाख-लाख भरलेत, मामा. आमच्या टोळीचा नियमच आहे, पैसे भरले की बाहेर. नियम मी स्वतः केलाय.” सुजितची छाती फुगली होती. “ही चांदराणी बघा. हिच्यासाठी वर्षभर हिरे साठवतोय. आज पेटी उघडायचीय. तुमचा हातगुण चांगला आहे असं ऐकलंय, तुम्हीच उघडा.”

हातगुण म्हटल्यावर मालोजीरावांनी नाही म्हणणं शक्य नव्हतं. गावात विहिरीचा पहिला नारळ त्यांच्याच हातचा असायचा. त्यांनी धोतराला अंगठा पुसून पडद्यावर टेकवला. पेटी उघडली, सोनेरी उजेड पडला आणि पहिल्याच झटक्याला चांदराणी बाहेर आली. बरकत खुर्चीवरून उठून नाचला. मालोजीराव स्वतःच्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग भानावर येत त्यांनी विचारलं,

“ह्यो खेळ लई आवडतो तुला?”

“जीव की प्राण आहे, मामा.”

“आनि त्याच्यावर पाच वर्षांत एक रुपाया न्हाई?”

“एकसुद्धा नाही,” सुजित अभिमानाने म्हणाला. अभिमान कुठे दाखवावा हे कळायला वेगळी अक्कल लागते.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. “पोरगं निर्व्यसनी हाय, त्यात वाद न्हाई. पर चिकट हाय. जे जीव की प्राण हाय त्याच्यावर ज्याचा रुपाया सुटत न्हाई, त्यो आमच्या पोरीला साधी बांगडी तरी घेईल का?”

कुसुमताईंनी कपाळाला हात लावला. “अरे, करायचा होतास थोडा खर्च.”

सुजित आठवडाभर जेवला कमी आणि त्याने विचार जास्त केला. चिकट हा शब्द त्याला झोंबला होता, कारण तो खरा आहे की काय अशी त्याला शंका येऊ लागली होती. शेवटी रविवारी सकाळी त्याने मन घट्ट केलं. पैसे भरायचे आणि मालोजीरावांना जाऊन सांगायचं, बघा, सुटतो माझाही रुपया. खेळातल्या दुकानात तो पाच वर्षांत पहिल्यांदाच शिरला. सगळ्यांत स्वस्त पेटी एकोणनव्वद रुपयांची होती. त्याने डोळे मिटून ती घेतली.

खेळाची रीत अशी, की एकाने खरेदी केली की टोळीतल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने छोटी भेट जाते. पुढच्याच क्षणी बरकतचा फोन आला.

“भावा, तुझ्या नावाची भेट आलीय. खोटं आहे ना? कुणीतरी तुझा फोन चोरला असेल.”

“नाही. मीच घेतली.”

“नियम तूच केलास, यार. मला तुला काढावं लागेल.”

“काढ.”

“भेट मात्र ठेवतो हां. फुकटची आहे.”

सरदारकी गेली. आता निदान मुलगी मिळावी म्हणून सुजित शर्ट चढवत होता, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. पलीकडे योगिनीच्या मामी होत्या, शालनबाई. आवाज तापलेला.

“सुजितराव, तुमी काय दावून गेलात ह्या माणसाला? त्या दिसापासून हातातला फोन सुटंना. माझा हातगुण हाय म्हनत्यात आनि पेट्या फोडत्यात. बशीच्या डिझेलचं पैशे घातलं त्यात. काल ड्रायव्हर दारात येऊन उभा ऱ्हायला, गाडी कशावर चालवू म्हनून.”

“राणी निघाली का?” सुजितच्या तोंडून गेलं.

“कशाची राणी? म्यां फोन काढून घेतलाय. तर माझ्या मनानं घेतलंय, आमाला जावई तुमच्यासारखाच पायजे. ह्येंना फुकट खेळायला शिकवील असा. फकस्त एक खरं सांगा. पाच वर्षांत खरंच रुपाया लावला न्हाई ना?”

तासाभरापूर्वी सुजितला हे छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं. आताही ‘नाही’ म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण शालनबाईंचा आवाज असा होता की त्यापुढे खोटं बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

“लावले, मामी. आजच लावले. एकोणनव्वद रुपये.”

“आरं देवा. कशापायी?”

“मामा चिकट म्हणाले. योगिनी हातची जाईल असं वाटलं.”

पलीकडे फोन कुणीतरी ओढून घेतल्यासारखा खडखडला.

“मी बोलतेय,” योगिनी म्हणाली. “एकोणनव्वद?”

“हो.”

“माझ्यासाठी?”

“हो.”

“आणि दुकानात त्याहून मोठी पेटी नव्हती का हो?”

ती हसत होती, एवढं सुजितला नक्की कळलं.

“या संध्याकाळी,” ती म्हणाली. “मामी पोहे करतायत.”

संध्याकाळी निघताना सुजितने डांगे चौकातल्या हलवायाकडून पाव किलो पेढे घेतले आणि गाडीला किक मारली. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, वळली. त्याने तो पुडा परत दुकानदारापुढे ठेवला आणि काळजावर दगड ठेवून म्हणाला, “अर्धा किलो करा.”