पाहुण्यांचे बूट

मनोहररावांच्या दाराबाहेर नेहमी बुटांचे दोन जोड असत. एक काळा, एक तपकिरी, दोन्ही नऊ नंबरचे. मनोहररावांचा स्वतःचा पाय सहाचा. जिन्यात कुणी मोठ्यानं बोललं, की ते दार किलकिलं करून म्हणत, "जरा हळू. मंडळी बसलीत."

मंडळी कोण, हे बारामतीतल्या आमच्या इमारतीत कुणालाच कळलं नाही. मी शेजारी, मध्ये एकच भिंत. पलीकडून "घ्या ना साहेब, अजून एक बिस्किट" ऐकू येई. साहेबांचं उत्तर मात्र कधी आलं नाही. एकदा कुत्र्यानं एक तपकिरी बूट पळवला. दोन दिवस साहेब आत अडकून पडले. तिसऱ्या दिवशी मनोहरराव मला म्हणाले, "अनवाणीच गेले हो, सर. निसर्गोपचार चालू आहेत त्यांचे." सांगताना त्यांच्या कपाळावर घाम होता, म्हणून मी हसलो नाही. पुढे काळा जोड तेवढा उरला.

दर रविवारी भिगवणहून एसटीनं एक बाई येत. डोक्यावर माशांची पाटी, पायात रबरी चपला. मनोहरराव आधी जिना वर-खाली बघत, मग चपला उचलून आत नेत, मग बाईंना आत घेत. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज येई, "मनू, वाळलास रं. जेवतोस का न्हाय?"

ही त्यांची थोरली बहीण, हौसाक्का. इमारतीत हे कळलं तर, या धास्तीत त्यांचा प्रत्येक रविवार जाई. मला ठाऊक आहे, हे मी त्यांना कधी जाणवू दिलं नाही.

एका रविवारी सोसायटीचे अध्यक्ष नेमके जिन्यात आडवे आले. "या कोण?"

मनोहररावांचा चेहरा उतरला. "या... मासेवाल्या."

मी माझ्या दारात उभा. हौसाक्कांनी भावाकडं एकवार पाहिलं आणि पाटीवरचं फडकं बाजूला केलं. "व्हय सायेब. ताजी चिलापी हाय. दिऊ का?"

अध्यक्षांनी घासाघीस करून अर्धा किलो घेतली. त्या दिवशी भिंतीपलीकडं कुणालाही बिस्किट दिलं गेलं नाही.

मनोहरराव जाऊन आता महिना होत आला. परवा हौसाक्का घर आवरायला आल्या. मी किल्ली घेऊन दाराशी गेलो. त्यांनी चपला काढून स्वतःच हातात घेतल्या.

"राहू द्या बाहेर, आक्का. आता कोण बघतंय?"

"लाजायचा त्यो, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पर आत न्हेऊन चपला धुवायचा. पट्टा झिजला की नवा घालून ठिवायचा. म्हनायचा, आक्का, लई चालतीस तू."

पदरानं त्यांनी काळ्या बुटांवरची धूळ पुसली, बूट नीट जोडून ठेवले. चपला मात्र हातातच होत्या.

"ठेवा ना इथंच, बुटांशेजारी."

"नगं, सर," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला काय वाटंल?"

आणि चपला घेऊन त्या आत गेल्या.