बकरीनं राखलेला वारसा

जी वस्तू जगातून नाहीशी झाली ती उत्तमच असणार, असा सुसंस्कृत समाजाचा ठाम विश्वास असतो. तो सहसा खोटा ठरत नाही, कारण विरुद्ध साक्ष द्यायला ती चाखलेला माणूस शिल्लक नसतो. धाकट्या जावयाच्या बाबतीत मात्र असा एक माणूस शिल्लक होता, आणि तो नेमका त्याचा सासरा होता.

जावयाला यात मिळण्यासारखं काय होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. समुद्राला लागून असलेली सासऱ्यांची जमीन, तीवरची पत्र्याची शेड, मचूळ पाण्याची विहीर, आणि जेवणाच्या टेबलाशी सासऱ्यांच्या उजव्या हाताची खुर्ची. या खुर्चीवर सध्या साडू बसत असे. साडूचा बर्फाचा धंदा होता आणि त्याच जमिनीवर त्याला नवा कारखाना घालायचा होता. (बर्फ वितळतो, म्हणून लोक तो पुन्हा पुन्हा घेतात, एवढाच त्याचा मुद्दा होता, पण तो बिनतोड होता.)

विहिरीमागच्या भिंतीवर एक द्राक्षवेल होती. तिथे बांधलेल्या बकरीनं आजवर आसपासचं गवत, दोन खराटे आणि जावयाचा एक रुमाल फस्त केला होता. या वेलीला मात्र तिनं तोंड लावलं नव्हतं. कमी शिकलेल्या माणसाला यातून जे कळलं असतं, ते जावयाला कळलं नाही. त्यानं पानं तपासायला पाठवली. ही दुर्मिळ जात नामशेष झाल्याचा आजवर समज होता, असं अभिनंदनपर उत्तर आलं.

"समज कसला? आमच्या आजोबांनीच केली नामशेष," सासरे म्हणाले. "स्वतः कुदळ घेऊन उतरले होते. एक मूळ ठेवू नका म्हणाले. ही कशी सुटली कोण जाणे! बकरीनं सोडलेली, असंच म्हणायचो आम्ही हिला."

ही मोलाची माहिती जावयानं वाया जाऊ दिली नाही. माहितीपत्रकात ती अशी आली : 'एका जुन्या घराण्याचे या वाणाकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीने लक्ष. मुक्या प्राण्यांनीही राखलेला वारसा.'

सासरे न्यायी होते. "पहिली बाटली लोक कौतुकानं घेतात, जावईबापू. दुसऱ्यांदा मागतात का बघू. मागितली तर जमीन तुमची. नाहीतर बर्फ."

"बर्फाला माहितीपत्रक लागत नाही, साडूभाऊ," साडू म्हणाला आणि उजव्या खुर्चीत आणखी ऐसपैस बसला.

कलमं लागली, वेली वाढल्या, आणि समुद्रकाठची ती पांढरी वाइन यथावकाश तयार झाली. बायकोनं पहिला घोट घेतला आणि ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

"कशी आहे?"

"अहो, ही विकायचीय ना आपल्याला?"

"हो."

"मग छान आहे."

नंतर रीतसर चाखणीतज्ज्ञ बोलावण्यात आले. (तोंडातलं थुंकून टाकूनही यजमानाचा मान राखता येतो, असा हा एकमेव व्यवसाय आहे.) त्यांनी चार वेळा हुंगलं, एकदा चाखलं, आणि नेहमीपेक्षा जरा लवकर थुंकलं. त्यांच्या अहवालानुसार या वाइनमध्ये ओला दोरखंड, शिंपल्याची आतली बाजू, कच्च्या लिंबाची साल आणि शेवटी एक सांगता न येणारी उदासी आढळली. (उदासी तज्ज्ञांची स्वतःची असावी, त्यांची परतीची गाडी चुकली होती.)

बाटली महाग ठेवली, तशी ती भराभर खपली. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे पुन्हा मागणी आली. 'फारच आवडली, आणखी सहा पाठवा,' असे फोन येऊ लागले. जावयानं पाहणी केली, तेव्हा शंभर बाटल्यांमागे एक्याऐंशी दुसऱ्याला भेट गेल्या होत्या, सतरा भेट जाण्याच्या बेतात होत्या, एक फुटली होती, आणि एक प्यायली गेल्याची बातमी होती, पण तो गृहस्थ ते कबूल करायला तयार नव्हता. साहेब, विहीणबाई, घरमालक, म्हणजे ज्यांचा मान ठेवावा लागतो पण ज्यांना आनंद द्यायचं बंधन नसतं, अशांसाठी योग्य भेटवस्तूची समाजाला फार दिवस उणीव भासत होती. ती आता भरून निघाली. शिवाय या वाइननं एकही माणूस झिंगला नाही, एकही संसार उद्ध्वस्त झाला नाही. दारूबंदी मंडळानं तर जाहीर अभिनंदन केलं.

"मागतायत म्हणे दुसऱ्यांदा," सासरे म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर मागू देत. पंचाहत्तरीला बोलवा सगळ्यांना."

पंचाहत्तरीला पाहुणे आले आणि सोबत एकोणीस बाटल्या आल्या. एकीच्या गळ्यात चार रिबिनी होत्या, एकाखाली एक. एक खुद्द साडूची होती. ती त्याला बँकेच्या साहेबांनी दिली होती. सासऱ्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि ते म्हणाले, "उघडा."

एवढ्या प्रसिद्ध वाइनच्या घरात बूच काढायचा स्क्रू सापडेना. तशी वेळच कधी आली नव्हती. शेवटी साडूनं मोठ्या हौसेनं खिशातून बर्फ फोडायचा टोच्या काढला आणि सगळी बुचं आत ढकलली.

सगळे प्यायले. "फारच... सागरी," पाहुण्यांतले एक डॉक्टर म्हणाले. सासऱ्यांनी पेला रिकामा केला. त्यांचे डोळे भरून आले (आठवणीनं की आंबटपणानं, हे कळायला मार्ग नव्हता).

"तीच! अगदी तीच!" ते म्हणाले. "मी शब्दाचा माणूस आहे. बोला, दुसऱ्यांदा कोणाला हवी?"

कोणी हललं नाही. जावयाला विहीर, शेड, खुर्ची एकेक करून वितळताना दिसू लागली. साडूला जिंकायला फक्त गप्प बसायचं होतं.

मग चाखणीतज्ज्ञांनी पेला पुढे केला. अहवालावर त्यांची सही होती. दुसरा इलाज नव्हता. तज्ज्ञांनी केला म्हणून डॉक्टरांनी केला. आपण काही डॉक्टरांपेक्षा कमी रसिक नाही म्हणून बँकेच्या साहेबांनी केला. साहेबांनी साडूकडे पाहिलं. साडूच्या नव्या कारखान्याचं कर्ज त्यांच्याच टेबलावर होतं.

"वा, साहेब, भेट दिलीत ती काय उगीच!" असं म्हणत साडूनंही पेला पुढे केला. कारखाना त्यानं स्वतःच्या हातानं पुढे केला आणि तो काठोकाठ भरून परत आला.

जमीन जावयाची झाली. खुर्चीही मिळाली, तीवर बसून त्याला रोज जेवताना एक पेला घ्यावा लागतो. ("तुमचीच आहे, घ्या," असं सासरे म्हणतात आणि स्वतः पाणी पितात.) साडूचंही नुकसान झालं नाही. जीभ बधिर होईपर्यंत गार केली तर ही वाइन पिता येते, असं पुढे निष्पन्न झालं आणि बर्फाचा खप वाढला. बकरीची प्रकृती उत्तम आहे.

मग या सगळ्याची किंमत कोणी मोजली? त्यासाठी फार लांब जायला नको. तुमच्या कपाटात, वरच्या फळीवर, निळ्या लेबलाची एक बाटली आहे. ज्यांनी ती दिली त्यांना तुम्ही दुसऱ्याच दिवशी फोन करून, बूच शाबूत असताना, "फारच सुरेख होती हो!" असं सांगितलंत. त्या शब्दावर विसंबून त्यांनी आणखी सहा मागवल्या. पैसे त्यांनी भरले आहेत, त्याची काळजी नको. त्यांतली एक तुमच्या वाढदिवसासाठी राखून ठेवलीय, आणि या खेपेला ते टोच्या घेऊन स्वतः येणार आहेत.